बिनखांबांची गॅलरी

आमच्या शहराच्या डाउनटाउनमध्ये नवं बेसबॉल स्टेडियम उभं राहिलं, तेव्हा मी आणि माझा कॉलेजमधला मित्र एकाच फर्ममध्ये होतो. वरच्या गॅलरीचा सांगाडा त्याच्याकडे गेला. माझ्या वाट्याला आले रॅम्प आणि पावसाच्या पाण्याचा निचरा. तोंडाने मी "कॉन्ग्रॅट्स यार" म्हणालो, पण पोटात दुखायला लागलं ते लागलंच.

त्या उन्हाळ्यात आई-बाबा पुण्याहून अमेरिकेत आले. बाबा पीडब्ल्यूडीतून निवृत्त झालेले इंजिनिअर. त्यांच्या तोंडून मला एकदा तरी "शाब्बास" ऐकायचं होतं. पण बापापुढे स्वतःची टिमकी वाजवायची नाही, ही आमच्या घरची शिस्त. म्हणून माझं काम कोणतं ते मी सांगितलंच नाही. बाबा आपणहून विचारतील, असं धरून चाललो.

मॅचला मित्रही आला. लाल विटांची दर्शनी भिंत, बॅटिंग करणाऱ्याच्या दिशेने किंचित वळवलेल्या खुर्च्या, उंच इमारती दिसाव्यात म्हणून मैदानापलीकडे मोकळी ठेवलेली बाजू, हे सगळं बाबांनी निरखून पाहिलं. मग मान वर केली. डोक्यावर एवढी मोठी गॅलरी आणि समोर एकही खांब नाही! बाबांनी उमेदीच्या काळात तालुक्याच्या मैदानावर क्रिकेटचं पॅव्हेलियन बांधलं होतं. त्याचे खांब नेमके पिचच्या आड यायचे. त्यावरून लोकांनी त्यांना पुढे कायम टोमणे मारले.

"हे कुणी केलं?"

"मी, काका," मित्र म्हणाला. "आणि ड्रेनेज याचं आहे हां! सकाळी एवढा पाऊस झाला, कुठे पाणी साचलंय का बघा."

म्हणजे माझी शिफारसही यानेच करायची! मला ते भयंकर झोंबलं.

"पाणी जायलाच पाहिजे, त्यात काय," बाबा म्हणाले आणि मित्राच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास!"

मग कॅमेरा माझ्या हातात दिला. दोघं गॅलरीखाली खांद्याला खांदा लावून उभे राहिले आणि मी फोटो काढला. मॅच कोण जिंकलं, मला ठाऊक नाही.

तो फोटो पुण्याच्या घरात हॉलमध्ये लागला. एकदा आई फोनवर हसत हसत सांगत होती, की शेजारी नव्याने राहायला आलेल्या बाईंनी तो पाहून बाबांना विचारलं, "हा मुलगा ना तुमचा? अगदी वडिलांवर गेलाय."

"मग बाबा काय म्हणाले?"

"ते कुठले जास्त बोलायला! 'अमेरिकेत इंजिनिअर आहे,' एवढंच म्हणाले."