खिळ्यावरचे गमछे

"गमछा खिळ्याला, मंग तोंड उघडा," हे अप्पांचं स्वागत. ताडकळसला त्यांच्या शिलाईच्या दुकानाबाहेर दाराशेजारी एक लांबलचक खिळा होता. संध्याकाळी मोंढ्यातले हमाल गायला यायचे, तेव्हा ज्याच्या त्याच्या पक्षाचा गमछा त्या खिळ्यावर जायचा. आत फक्त अप्पांची पेटी आणि त्यांनी स्वतः रचलेली गाणी.

मी कॉलेजात इतिहास शिकवतो. पहिल्याच दिवशी मी गायला लागलो आणि अप्पांनी पेटी थांबवली. "सर, तुमचं शिक्षण लय मोठं हाय, पन गळा न्हाई. तुमी नुसतं ऐका." राग आला, खोटं कशाला बोलू. पण जात राहिलो.

एकदा मी त्यांना स्पेनमधल्या कॅटलोनियातल्या एका संगीतकाराची गोष्ट सांगितली. पावणेदोनशे वर्षांपूर्वी त्याने कामगारांना गोळा करून गायला शिकवलं, त्याच्याभोवती राजकारणी मंडळी जमली आणि त्यापायी त्याला तुरुंगही पाहावा लागला. अप्पांनी सुई थांबवली. "त्याच्या दारात खिळा नसंल," म्हणाले.

मागच्या ग्रामपंचायत निवडणुकीत मात्र खिळ्याचंही चालेना. आमच्यातले दत्ता आणि सलीम एकमेकांविरुद्ध उभे राहिले. दत्ताने ओळ म्हणायची, सलीमने मागून साथीची झील धरायची. या जोडीवर आमचं सगळं गाण्याचं मंडळ उभं होतं. दोघांनी येणं सोडलं, त्यांच्यामागे हमालही पांगले. अप्पा रिकाम्या दुकानात पेटी पुसत बसायचे. ते बघवत नव्हतं. मग दोघंही, एकमेकांना चुकवून, प्रचाराचं गाणं मागायला आले. अप्पांनी दोघांनाही दिलं.

शेवटच्या दिवशी दोन्ही मिरवणुका बसथांब्यापाशी समोरासमोर आल्या. पोलीस पुढे सरसावले. दत्ताने ओळ म्हटली आणि समोरून सलीमने सवयीने झील धरली. अप्पांनी एकच गाणं दोघांत निम्मं निम्मं वाटलं होतं! हमाल आधी गांगरले, मग हसत सुटले.

"अप्पा, ही लबाडी झाली," मी म्हणालो.

"व्हय. पन मंडळ ऱ्हायलं का न्हाई?"

गेल्या उन्हाळ्यात अप्पा गेले. लिंगायत रीतीप्रमाणे त्यांना समाधी द्यायला निघताना सगळ्यांनी गमछे काढून खिळ्यावर टांगले. कुणी सांगितलं नव्हतं. समाधीपाशी दत्ताने अप्पांच्या गाण्याची ओळ म्हटली. सलीम तोंड फिरवून रडू लागला, त्याला झील धरता येईना.

मग मीच झील धरली, बेसूर, मोठ्याने. पेटी थांबवायला आता कोणी नव्हतं.