टाकीपासून पंपापर्यंत

माझी शेवटून दुसरी पोस्टिंग उत्तरेच्या डोंगरात होती. उंची अकरा हजार फूट. रँक हवालदार, ट्रेड व्हेइकल मेकॅनिक. आमचं वर्कशॉप म्हणजे पत्र्याच्या दोन शेड, एक रॅम्प आणि गरम पाणी ओतल्याशिवाय सुरू न होणारा कॉम्प्रेसर. ०५३० ला उठायचं, ०६१५ ला पीटी, ०८०० ला पहिली गाडी रॅम्पवर. काम झालं की जॉब कार्डावर माझी सही व्हायची आणि त्यानंतरच गाडी रोडवर जायची.

त्या युनिटमध्ये नाईक सुधीर ड्रायव्हर होता. मूळ गाव वांगणीच्या पलीकडचं, पण वाढला अंबरनाथला, कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये. मी बदलापूर गावचा. इतक्या लांब पुढच्याच स्टेशनचा माणूस भेटल्यावर ओळख वाढायला वेळ लागत नाही. तो चारचौघांत मला उस्ताद म्हणायचा, एकट्यात दिनकरदादा.

तो तिथेच गेला. वय एकोणतीस. त्याचा देह घेऊन अंबरनाथला मीच आलो होतो. निवृत्तीनंतर दर रविवारी त्याच्या वडिलांकडे जायची मला सवय लागली. काका आता शहात्तर वर्षांचे आहेत. कारखान्यात टर्नर होते. काकू गेल्यापासून एकटेच राहतात. सुधीरने सेकंडहँड घेतलेली पेट्रोलची गाडी त्यांनी अजून ठेवली आहे. जुनी, कार्बोरेटरची. बाजारात जायचं तर तीच, गावी जायचं तरी तीच.

गेल्या उन्हाळ्यात ही गाडी आजारी पडली. सुरू व्हायची, आयडलिंग छान, पिकअपही छान. वीस-पंचवीस मिनिटं चालली की दम तोडायची आणि बंद. दहा मिनिटं उभी ठेवली की पुन्हा सुरू. गाडीच्या पासिंगची तारीख तीन आठवड्यांवर होती. पासिंगला कल्याणपर्यंत न्यायची आणि तिथे चालवून दाखवायची. नाहीतर भंगारात.

“दिनकर, भंगारात नाही द्यायची,” काका म्हणाले. एवढंच म्हणाले.

मी कामाला लागलो. बंद पडली तेव्हा प्लग काढून पाहिला, स्पार्क निळा आणि जोरदार. म्हणजे करंट ठीक, पेट्रोल पोचत नाही. फिल्टर बदलला. तीन दिवस चालली आणि परत बंद. कार्बोरेटर उतरवून जेट साफ केले, फ्लोटची सुई नवी घातली. परत बंद. टाकीचं झाकण हवा अडवतंय का म्हणून ते सैल ठेवून पाहिलं. फरक शून्य. मग टाकीतून कार्बोरेटरला पेट्रोल पुरवणारा पंप.

पंपासाठी उल्हासनगरला गेलो. तिथे जुन्या गाड्यांचे पार्ट ठेवणारे एक सिंधी दुकानदार आहेत, लछूभाई. त्यांनी पंप काउंटरवर ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

“साईं, कितने चक्कर मारोगे? ये गाडी आपको खा जाएगी.”

“पंप नया है ना?”

“पंप नया है. गाडी पुरानी है.”

पंप बसवला. दुसऱ्याच दिवशी गाडी स्टेशनच्या पुलावर बंद पडली. मागे रिक्षांची रांग लागली. एक रिक्षावाला ओरडला, “काका, हिला आता म्यूझियममध्ये टाका.” काका काचेतून समोर बघत राहिले. मी खाली उतरून बॉनेटवर मूठ आपटली. चोवीस वर्षं मी गाड्यांवर काम केलं. बर्फात, धुळीत, हातमोजे घालून, न घालता. आणि एक साधी घरगुती गाडी मला चकवत होती. घरी बायको म्हणाली, “तुम्ही जेवताना पण त्या गाडीशीच भांडताय.”

मग मी कॉम्प्रेसरवाल्याकडे गाडी नेली. पंपाकडचं टोक काढून पेट्रोलच्या लाइनमध्ये उलटी हवा मारली. टाकीत बुडबुडे आले. लाइन मोकळी. म्हणजे तिकडे दोष नाही, असं मी धरून चाललो.

सोमवारी सकाळी १०२० ला मी आणि काका ट्रायलला निघालो, अंबरनाथहून बदलापूरकडे. १०४३ ला, कारखान्यांची वसाहत संपते त्या वळणावर, इंजिनाने दोन आचके दिले आणि गाडी बंद. मी ती डावीकडे घेतली, डिकीतला लाल त्रिकोण काढला आणि मागे चाळीस पावलांवर ठेवला. वळून बघतो तर काकांनी बॉनेट उघडलं होतं आणि आत वाकले होते. बाजूने कंटेनर जात होते.

काकांची पाठ हुबेहूब सुधीरसारखी आहे. हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

मी धावलो. काय ओरडलो ते आठवत नाही. त्यांना दंडाला धरून ओढलं, ते रस्त्याच्या कडेला गवतात पडले. कोपर खरचटलं. झालं काहीच नव्हतं. कंटेनर आपल्या वाटेने गेला होता.

“काय झाला रं तुला?” काका खालूनच म्हणाले.

मी त्यांच्या शेजारी बसलो. मग जे अकरा वर्षं सांगितलं नव्हतं ते सांगितलं.

सुधीरची हलकी जीप होती, पेट्रोलवरची. चढावर दम तोडते, अशी त्याने तक्रार दिली होती. मी फिल्टर बदलला, लाइनमध्ये हवा मारली, पंधरा मिनिटं ट्रायल घेतली. गाडी छान चालली. सही केली. दुसऱ्या दिवशी तो डाक घेऊन पुढच्या पोस्टकडे निघाला. ११०५ ला वायरलेस सेटवर त्याचा आवाज आला.

“उस्ताद, गाडी फिर बंद. ओव्हर.”

“लोकेशन? ओव्हर.”

त्याने किलोमीटरचा दगड सांगितला. तो पट्टा दगड पडणारा होता. मला माहीत होतं, त्यालाही माहीत होतं. पण गेले चार दिवस एक खडा हलला नव्हता. मला वाटलं, इंजिन तापून पेट्रोलची वाफ होतेय. मी म्हणालो, बॉनेट उघड, दहा मिनिटं थंड होऊ दे, मग स्टार्ट कर.

सातव्या की आठव्या मिनिटाला डोंगर खाली आला. सुधीर रस्त्यावर सापडला. जीप खाली नदीत गेली, ती वर काढताच आली नाही. चौकशी झाली. निष्कर्ष नैसर्गिक आपत्ती. माझ्यावर ठपका नाही. कागदावर नाही.

काकांनी सगळं ऐकलं. मग उठले, पँट झटकली.

“गाडी चालू होते का बघ.”

झाली. घरापर्यंत आलो. त्यांनी किल्ली घेतली आणि दार लावून घेतलं.

त्या रविवारी मी गेलो तर दार उघडलं नाही. आत रेडिओ चालू होता. मी पायऱ्या उतरलो. पासिंगला नऊ दिवस राहिले होते. मी इतकी वर्षं दर रविवारी त्या घरात चहा पीत होतो, आणि आता वाटत होतं की तो चहा मी फसवून पीत होतो. तसंच होतं ते.

पाचव्या दिवशी सकाळी काकांचा फोन आला.

“गाडी तशीच उभी आहे. कधी येतोस?”

मी ०८०० ला पोचलो. या वेळी पहिल्यापासून सुरुवात केली, शिकाऊ असल्यासारखी. एका बाटलीत पेट्रोल भरलं, ती बॉनेटखाली उंचावर बांधली आणि तिची नळी थेट पंपाला जोडली. टाकी बाद. काका शेजारी बसले. बदलापूरपर्यंत जाऊन आलो. पन्नास मिनिटं, मध्ये एकदा बाटली भरली. गाडी एकदाही अडखळली नाही.

“म्हणजे?” काकांनी विचारलं.

“पंप ठीक, कार्बोरेटर ठीक. दोष टाकीपासून पंपापर्यंत.”

“ती लाइन तर तू मोकळी म्हणाला होतास.”

“हवा मारली तेव्हा मोकळी होती.”

काकांनी पंपाकडे बोट केलं. चाळीस वर्षं लेथवर काढलेला माणूस. म्हणाले, “पंप हवा मारतो का रं? पंप खेचतो.”

मी बॉनेटखालची बाटली सोडली.

हाताने खेचायचा छोटा पंप आणला. लाइनला लावून खेचायला लागलो. पेट्रोल आलं, आलं, आणि थांबलं. हात सोडला की परत येई. जोरात खेचलं की परत थांबे. गाडीखाली शिरलो. टाकीतून निघणाऱ्या धातूच्या नळीला एक वीतभर रबरी पाइप जोडलेला असतो, मागच्या अॅक्सलच्या वर, सहसा कुणी तिथे बघत नाही. बाहेरून तो पाइप चांगला होता. एक चीर नाही. काढला, ब्लेडने उभा कापला. आतलं अस्तर सुटून जिभेसारखं लोंबत होतं. हवा मारली की ती जीभ भिंतीला चिकटायची आणि वाट मोकळी व्हायची. पंपाने जोरात खेचलं की आडवी यायची. इंजिन बंद पडलं, ओढ संपली की परत बाजूला. हल्लीच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुनं रबर असं फुगतं, असा माझा अंदाज.

काकांनी तो कापलेला पाइप उजेडात धरला. बराच वेळ बघितला.

“त्याच्या गाडीत पण हेच झाला होता?”

“माहीत नाही, काका. गाडी मिळालीच नाही.”

“मग माहीत नाही असंच म्हण. उगाच सगळा अंगावर घेऊ नको. आणि सोडू पण नको.”

“हो.”

“मला आधी सांगायला पाहिजे होतास.”

“हो.”

“अकरा वर्षं.”

मी परत गाडीखाली शिरलो.

नवा पाइप टाकला, क्लिपा आवळल्या. पुढचे तीन दिवस रोज तासभर गाडी पळवली. पासिंगच्या दिवशी कल्याणला ०९४० ला पोचलो. तपासणाऱ्याने लाइट बघितले, ब्रेक बघितले, एक चक्कर मारायला लावली. “जुनी गाडी असून बरी ठेवलीय,” म्हणाला. काकांनी मान हलवली. पाच वर्षं मिळाली.

परत येताना काका गाडी चालवत होते, मी शेजारी. उल्हासनगर मागे पडलं तेव्हा त्यांनी विचारलं, “तू त्याला दहा मिनिटं थांब म्हणालास. तो काय म्हणाला?”

“रॉजर.”

“म्हणजे काय?”

“ऐकलं. समजलं. तसंच करतो.”

काकांनी गिअर बदलला. “घरी माझं एक ऐकायचा नाही लेकाचा,” ते म्हणाले. त्यांचा आवाज जागेवर होता. डोळे पुसायला त्यांनी गाडी बाजूला घेतली नाही.

मग अंबरनाथ येईपर्यंत ते विचारत गेले आणि मी सांगत गेलो. आजवर त्यांना सगळ्यांनी तो शूर होता एवढंच सांगितलं होतं. मी सांगितलं की तो खेचरांना घाबरायचा. बर्फात कपडे वाळत नाहीत म्हणून बनियन इंजिनावर ठेवायचा आणि मग दिवसभर त्याला पेट्रोलचा वास यायचा. वरणात साखर मागायचा म्हणून कुक त्याला शिव्या द्यायचा. उतारावर गाडी कधी न्यूट्रलला टाकली नाही. त्याच्या गाडीत बसलेला माणूस झोपून जायचा, इतकी त्याची गाडी शांत चालायची.

नाईक सुधीर. ड्रायव्हर. माझ्या सांगण्यावरून तो त्या ठिकाणी थांबला होता.