सरांच्या घरची घंटा

आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात त्यांचं खरं नाव बहुतेक पगारपत्रकालाच ठाऊक असावं. बाकी सगळ्यांना ते 'बघा सर'. काहीही विचारलं तरी उत्तर एकच, आधी बघा. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला ते मिळाले की संपलंच. दुसऱ्या गटांच्या प्रोजेक्टमधले दिवे लागून विझायचे, तरी आम्ही आपले कुठल्या तरी दुकानात कामगार कसा वाकतो ते न्याहाळत बसलेलो. कुणी तयार प्रोजेक्ट विकत आणला, तर त्याला प्रेमाने खुर्ची देऊन त्यातला एखादा स्क्रू कशासाठी आहे एवढंच विचारायचे. पोरगं घामाघूम.

त्या वर्षी त्यांनी आम्हा तिघांना स्वतःच्या घरचंच काम दिलं. सरांच्या बायकोच्या, आमच्या बाईंच्या, मेंदूत रक्तस्राव होऊन अंग लुळं पडलं होतं, वाचा गेली होती. होकार द्यायचा तर डोळे मिटायच्या, तेवढंच उरलेलं. पण सर दुसऱ्या खोलीत असले की हाक कशी मारणार? एकदा त्यांना ठसका लागला तेव्हा सर गच्चीवर कपडे वाळत घालत होते. त्याबद्दल सर फारसं बोलले नाहीत. उजव्या हाताची बोटं हलतात, त्यावर घंटा करा, म्हणाले.

खुद्द सरांनीच सांगितल्यावर आणखी बघायचं काय? आम्ही बटण केलं. लॅबमध्ये आमच्या धडधाकट बोटांनी ते झकास वाजायचं. घरी बाईंचं बोट त्यावर नुसतं पडून राहिलं. सर वाकून पुन्हा पुन्हा म्हणत होते, दाब गं, थोडा जोर लाव. बाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. आम्ही वायरी गुंडाळल्या.

आमच्या गटात एक मुलगी होती. टोचून बोलायची, म्हणून टाचणी. ती नंतर कितीतरी दुपारी बाईंच्या पायथ्याशी जाऊन नुसती बसली. मग एक दिवस सरांना म्हणाली, "सर, उजवा हात कधीचाच थांबलाय. पण चिडल्या की त्यांच्या डाव्या पायाचा अंगठा हलतो. तुम्ही कायम उशाशी बसता."

मला वाटलं, गेले आपले मार्क. सर बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

"मी बघितलंच नाही," ते म्हणाले.

नवं बटण आम्ही अंगठ्याजवळ पट्टीने बसवलं. सर मुद्दाम स्वयंपाकघरात जाऊन थांबले. आम्ही तिघं पलंगाभोवती, परक्या घरच्या फोटोत घुसल्यासारखे. बराच वेळ काहीच झालं नाही. मग घंटा वाजली.

"आलो गं," आतून आवाज आला, आणि पाठोपाठ सर, हातात पेला तसाच. पाणी हवंय का? डोळे उघडेच. कूस बदलू? उघडेच. पडदा ओढू? तेही नाही. सर गोंधळले. मग त्यांची नजर आमच्यावर आली.

"या पोरांना घालवू?"

बाईंनी डोळे घट्ट मिटले.

आम्ही बाहेर येऊन चपला घातल्या. दार आतून लागलं.