भावोजींची सोंड

आमच्या भावोजींइतका दणक्यात झोपणारा माणूस अख्ख्या रायगड जिल्ह्यात सापडणार नाही; आणि सापडलाच तर त्याच्या शेजारी झोपायची माझी तयारी नाही. भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. पेणजवळच्या जोह्यात त्यांचा गणपतींचा कारखाना आहे. दुपारचं जेवण झालं की मूर्तींच्या रांगेत चटई टाकून आडवे होत, आणि मग सुरू होई ते घोरणं! मूर्ती घासणाऱ्या बायका हात थांबवून हसत, पत्रे थरथरत, माळ्यावरचं मांजर मुकाट्याने शेजारच्या कारखान्यात निघून जाई. उठवून सांगावं तर ठणकावत, "मी जागाच व्हतो! डोळे मिटून इचार करत व्हतो." फारच कोंडीत पकडलं तर म्हणत, "ज्याचं मन साफ, तोच घोरतो." मग ताईने काय पाप केलं होतं म्हणून ती रात्रभर जागी, ते मात्र सांगत नसत.

बरं, इतकं झोपून माणूस ताजातवाना असावा ना? छे! दिवसासुद्धा पेंगतच. एकदा पेणहून रंग आणायला म्हणून हमरापूरला गाडीत बसले. पुढचंच स्टेशन पेण. पण डोळा लागला तो थेट गाडी संपेपर्यंत. भरदुपारी रोह्याला माझ्या दारात उभे! "तुझी आठवण झाली, म्हटलं बघून येऊ," म्हणाले. हातात रंगाच्या डब्यांसाठी आणलेली रिकामी पिशवी. मी घावन वाढले, तर खाताखातासुद्धा मान कलली. तेव्हाच मी ठरवलं, या माणसाला डॉक्टरकडे नेल्याशिवाय राहायचं नाही.

त्यांनीही ठरवलं, जायचं नाही. "घोरण्याला कसला डाक्टर? उताणा झोपला का मानूस घोरतो, येवढंच." इलाज घरचाच. बनियनच्या पाठीवर खिसा शिवून घेतला आणि त्यात चांगला मळलेला शाडूचा गोळा भरला. उताणं वळलं की टोचणार! सकाळी बघावं तर गोळ्याची भाकरी झालेली, तिच्यावर चटईची नक्षी उठलेली, आणि वर भावोजी घोरतच. "अहो, दगड तरी घालायचा!" मी म्हटलं. "आपल्याला मातीचीच सवय गो," म्हणाले. आता या माणसापुढे काय डोकं फोडायचं?

मूर्तीचे डोळे आखायचं काम मात्र फक्त त्यांचं. कितीही घाई असो, डोळ्यांना दुसऱ्या कुणाचा ब्रश लागत नाही. गिऱ्हाईक त्या नजरेसाठी लांबून येतं. गेल्या वर्षी गणपती तोंडावर आलेले, मी मदतीला गेले होते. एका मोठ्या मूर्तीचा डोळा आखता आखता भावोजींना पेंग आली आणि ब्रश घसरला. पापणीपासून गालापर्यंत काळी रेघ. कुणीसुद्धा हसलं नाही. भावोजी त्या रेघेकडे नुसते बघत राहिले. "मी देवाला रडवला गो," म्हणाले. मग अगदी हळू, "ह्ये काम गेलं तर माझ्यापाशी काय ऱ्हातं?" मी त्यांच्या हातातला ब्रश काढून घेतला. म्हटलं, "उठा, चला पेणला."

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. झोपेत जीभ आणि घसा सैल पडतो, हवेची वाट अरुंद होते, घशातलं मऊ मांस थरथरतं, तेच घोरणं. भावोजींची वाट मात्र मधूनमधून पार बंदच व्हायची. श्वास थांबायचा, जीव दचकून जागा व्हायचा आणि त्यांना पत्ताही नसायचा. म्हणून ती दिवसाची पेंग, म्हणून वाढलेला रक्तदाब, आणि हृदयाला ताण तो वेगळाच. तपासणी झाली, हवेच्या दाबाने घशाची वाट उघडी ठेवणारं यंत्र आलं. नाकावर मुखवटा आणि त्याला लांब नळी. भावोजींनी आरशात पाहिलं. "जल्मभर दुसऱ्याला सोंड लावली, आता आपल्याला बसली!"

पण एकदा मनावर घेतलं म्हणजे घेतलं. मुखवटा रुतायचा, नाक सुकायचं, तरी काढला नाही. रात्रीचं उशिराचं जेवण बंद केलं, पहाटे शेताच्या बांधावरून चालायला लागले, पोट उतरवलं. यंदाचे सगळे डोळे त्यांनीच आखले, आणि काय नजर आली होती म्हणून सांगू!

परवा जोह्याला गेले. भावोजी सोंड लावून दुपारचे झोपले होते. कारखाना गप्प. मांजरसुद्धा परत आलेलं. शेजारी ताई एका हाताने भाजी निवडत बसली होती. दुसरा हात त्यांच्या छातीवर.

"आता तरी तुला झोप लागत असेल ना गो?" मी विचारलं.

"कसली झोप!" ती म्हणाली. "घोरत व्हते तवा हायत ह्ये कळायचं तरी. मधीच आवाज बंद पडला का माझा जीव जायचा. कोपर मारून परत सुरू करायची मी. इतकी वर्सं त्येच केलं. आता समदंच गप. मग हात ठेवून बघते."

मी भाजीची जुडी माझ्याकडे ओढून घेतली. तो हात काढ, असं काही तिला सांगवेना.