खवट तुपातल्या कचोऱ्या

काल कपाटातला तुपाचा जुना डबा उघडला आणि खवट वास नाकात शिरला. मध्यभारत राज्य होतं त्या काळातलं आमचं तुकोगंज मोहल्ल्यातलं स्वयंपाकघर डोळ्यांपुढे आलं.

माझ्या वहिनीला नवनवे पदार्थ करून बघायचा भारी नाद. त्या दुपारी तिनं भुट्ट्याच्या तिखट कचोऱ्या तळल्या, आणि त्याच तुपात भुट्ट्याचा गोड हलवाही केला. मी तेव्हा दहा वर्षांची होते. कचोरीचा मोठा घास घेतला आणि जिभेवर मेणचट, कुजकट थर बसला. ती चव घालवायला हलवा खाल्ला, तर तो त्याहून वाईट! मी धावत मोरीवर जाऊन थुंकले.

"शी! सडलंय हे!"

दादानंही ताट सरकवलं. "अगं, तूप तर एकदम खराब झालंय. तुला बास नाही आली?"

वहिनीनं स्वतःची कचोरी संपवत आणली होती. उरलेला तुकडा तिनं नाकाशी धरला आणि पुन्हापुन्हा हुंगला.

"विषमज्वरातून उठले तेव्हापासून मला कशाचाच वास येत नाही," ती खाली बघत म्हणाली. "सांगितलं असतं तर स्वयंपाक माझ्या हातून गेला असता."

मला तेव्हा तिची जराही दया आली नाही. तोंडात ती घाण चव होती आणि वहिनी तेच खात होती, याचीच शिसारी आली. आज मात्र त्या शिसारीचीच लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी तिनं दुधाचं पातेलं माझ्यापुढे धरलं. "सांग, बरं आहे का?"

मी नाक मुरडत हुंगलं आणि मान डोलावली. मगच तिनं ते चुलीवर चढवलं.