केझायामावशीचा घास

गेल्या रविवारी प्रार्थनेनंतर केझायामावशी सफरचंदं सोलायला आमच्याकडे आली होती. तिनं सांगितलं ते आज वहीत उतरवते आहे.

व्हर्जिनियात तिचा मालक मोठा माणूस. इंग्लंडच्या राजाचं जोखड झुगारणाऱ्या जाहीरनाम्यावर त्याची सही होती. मावशी त्याची गुलाम, त्याच्या घरची स्वयंपाकीण. स्वयंपाकघर वाड्यापासून लांब, आणि ताट नेताना वाटभर शीळ घालायची असा नियम. शीळ थांबली की हिच्या तोंडात ताटातला घास गेला असं धरायचं, मग चाबूक. जेवताना मालक पाहुण्यांना स्वातंत्र्यावर ऐकवायचा, आणि बाहेरून हिची शीळ यायची. तिची नऊ वर्षांची मुलगी टॅमर त्यानं स्वतःच्या लेकीला लग्नात आंदण म्हणून जॉर्जियाला धाडली, त्या दुपारीही मावशीला शीळ घालावीच लागली.

पुढं मालक मरणाला टेकला. हिच्या सुटकेचा कागद त्यानं उशाशी तयार ठेवला आणि हिला कोंबडीचा रस्सा घेऊन बोलावलं. त्या दिवशी वाटेत शीळ वाजली नाही. मावशीनं तंगडी उचलली आणि चावत चावतच खोलीत शिरली.

मालक म्हणाला, "केझाया, 'मी तुम्हाला माफ केलं' एवढं म्हण. लगेच सही करतो."

मावशी चावत राहिली. त्याच्या डोळ्यांत बघत, सावकाश.

पलंगाशी उभ्या मालकीण बाईसाहेब कडाडल्या, "बोल की गं. दातखीळ बसली का?"

"तोंडात घास आहे, बाईसाहेब. तुमचाच." मग तिनं तो गिळला आणि मालकाला म्हणाली, "टॅमरला बोलवा. तिनं माफ केलं तर मीही करीन."

त्याच्या हातातली लेखणी गळून पडली. पहाटे तो गेला, सही न करताच. मालकाच्या मुलानं मावशीला तंबाखूच्या शेतावर जुंपलं. सात वर्षांनी ती पळाली आणि नदी ओलांडून इकडे, गुलामी नसलेल्या ओहायोत आली. टॅमरचा पत्ता आजवर नाही.

मी विचारलं, 'माफ केलं' एवढं म्हटलं असतं तर?

"महाग पडला गं घास," ती म्हणाली, "पण पचला."

आज सकाळी चर्चमध्ये पाद्रीबुवा म्हणाले, ज्यांनी वैऱ्याला क्षमा केली त्यांनी उभं राहावं. सगळे उठले, मावशी बसून राहिली. तिचा हात धरून मीही बसून राहिले. प्रभू, त्या माणसाचा न्याय तू कर. आमच्याकडे त्याच्यासाठी माफी मागू नकोस.