रिबकाबाईंचा मलिदा

चिपळुणात रिबकाबाई आष्टमकरांच्या चौकशीतून कुणी सुटलेलं नाही. बांगड्या विकायला येणाऱ्या हौसाकडून त्यांनी माहेरच्या म्हशीपर्यंत सगळं काढून घेतलं होतं. बाई बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू. आजेसासऱ्यांचा तेलाचा घाणा होता आणि शनिवारी तो बंद असायचा, एवढंच त्यांच्या धर्माबद्दल लोकांना ठाऊक. एकुलता एक डॅनियल तीन वर्षांपूर्वी इस्रायलला मावशीकडे गेला आणि तिथल्या कायद्याप्रमाणे फौजेत भरती झाला. ब्याऐंशी सालच्या पावसाळ्यात तो बैरूतच्या वेशीवर होता आणि बाईंचा जीव टांगणीला लागला होता.

गोकुळाष्टमीला शेजारचा दत्ताराम पुण्याहून आला, तो कॉलेजातल्या नबीलला घेऊन. हा उंच पोरगा रोज बातम्यांच्या वेळी आपल्याच रेडिओपाशी का येऊन बसतो, हे कळल्याशिवाय बाईंना अन्न गोड लागेना.

"कुठला रे तू?"

"बैरूतचा," नबील मोडक्या मराठीत म्हणाला. "आजोबांचं गाव हैफाजवळ. अठ्ठेचाळीसच्या लढाईत ते सुटलं. आम्ही निर्वासितांच्या छावणीत राहतो. जूनपासून आईचं पत्र नाही."

"नाव काय आईचं?"

"जैनब. तुमचं कोण आहे तिकडे?"

थाप मारणं सोपं होतं. बाईंना ते जमलं नाही. "मुलगा. तुमच्या शहराला वेढा घालून बसलेत ना, त्यांच्यात."

नबील उठून निघून गेला. बाईंना फार वाईट वाटलं.

दोन दिवसांनी त्यांच्याकडे मलिदा होता. भिजवलेले पोहे, खोबरं, साखर, वेलची आणि फळं यांचं ताट मांडून एलियाहू हन्नाबी या प्रेषिताकडे मागणं मागायचं. ज्याच्यासाठी मागायचं त्याचं नाव त्याच्या आईच्या नावासकट घ्यायचं, अशी त्यांच्या घरची रीत. बाईंनी दत्तारामाकडून नबीलला निरोप धाडला होता, जैनबच्या आईचं नाव कळव म्हणून. उत्तर आलं नव्हतं.

प्रार्थना म्हणायला मुंबईहून दीर सॅमसनभाऊ आले होते. ते टोपी सारखी करून बसले, तेवढ्यात नबील दारात येऊन उभा राहिला.

"फातिमा," तो म्हणाला. आत आला नाही, गेलाही नाही.

"वहिनी, नावं सांगा," सॅमसनभाऊ म्हणाले.

"रिबकाचा डॅनियल. आणि फातिमाची जैनब."

"ही कोण? आपल्यातली नाही वाटत."

"आपला डॅनियल बंदूक घेऊन उभा आहे ना, त्याच्या समोर राहते ती," बाई म्हणाल्या. "दोन्ही नावं एका दमात घ्या."